न्हाणीमागची केळ

आमच्या घरी पाहुणा आला की त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात, मग गूळ-शेंगदाणे देतात, आणि तो पंख्याखाली नीट टेकायच्या आत आमचे अण्णा विचारतात, "आंघोळ झाली का?"

पाहुणा 'झाली' म्हणतो. दुपारी बाराला दुसऱ्याच्या दारात कोणी पारोसा जात नाही. पण 'झाली' ऐकल्यावर अण्णांचा चेहरा असा उतरतो की पाहुण्याला वाटावं, आपण आंघोळ केली ते काही बरं केलं नाही. अण्णा थोडा वेळ जाऊ देतात. कूलरकडे बघतात, घड्याळाकडे बघतात. मग म्हणतात, "ऊन लई हाय. यष्टीत घामाघूम झाला असाल. आणखी एकदा अंगावर पाणी घ्या की. नवा टावेल काढून देतो."

हे लातुरात घडतं. म्हणजे पाहुण्याला पाण्याचा दुसरा तांब्या विचारताना यजमानाची नजर आपोआप टाकीकडे जाते, त्या गावात. नात्यातल्या काही लोकांनी याचा अर्थ 'अण्णा उदार झाले' असा घेतला. काहींनी 'अण्णांचं वय झालं' असा घेतला. खरा अर्थ न्हाणीच्या मागे उभा आहे.

न्हाणीच्या मागच्या भिंतीला एक भोक आहे, भोकातून दीड हात पाइप बाहेर आलाय, आणि पाइपाच्या तोंडाशी एक केळ आहे. एक म्हणायची, पण तिच्या बुडाशी तीन मुनवे फुटलेत, आणि ते काढा म्हटलं की अण्णा म्हणतात, "तिची लेकरं हायेत, तुमचं काय खातात?" उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला दिवसाकाठी वीसेक लिटर पाणी लागतं. आमची आंघोळीची बादली बरोबर वीस लिटरची आहे. घरात आम्ही सहा माणसं, प्रत्येकी अर्धी बादली. म्हणजे तीन बादल्या. केळ आणि तिची लेकरं मिळून गरज चार बादल्यांची. हा जो रोजचा एका बादलीचा तुटवडा आहे, तो पाहुण्यांनी भरून काढायचा असतो.

शिवाय केळीच्या आळ्यातून एक चारी निघते. ती लिंबाला जाते, लिंबाकडून जास्वंदाला, आणि शेवटी, म्हणजे कालव्यावरचे शेतकरी ज्याला 'टेल' म्हणतात त्या टोकाला, आमच्या मायचा मोगरा आहे. टेलच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच मोगऱ्याचं होतं. वरचे पितात, खालचा वाट बघतो. घरात चारपेक्षा जास्त पाहुणे असले तरच पाणी मोगऱ्यापर्यंत पोचतं. त्यामुळे मायच्या अंबाड्यात गजरा दिसला की गल्लीतल्या बायका ओळखतात, घरात पाहुणे मुक्कामाला आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढी हौस आहे तर सरळ झाडालाच पाणी का घालत नाहीत? हा प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरातली तुळस विकायला काढलीय. टँकरचं पाणी झाडाला घालणं हे त्यांच्या लेखी पाप आहे. तेच पाणी पाहुण्याच्या अंगावरून गेलं की त्याचं पाप धुतलं जातं. "केळीसाठी टँकर बोलावला म्हणलं तर गल्ली हसंल," अण्णा म्हणतात. "पाव्हण्यासाठी बोलावला म्हणलं तर कोण हसंल?"

या हिशेबीपणामागे एक उन्हाळा आहे. २०१६ चा. त्या वर्षी धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. तेलाच्या वाघिणी राजस्थानात, कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. गाडीचं नाव 'जलदूत'. आम्ही कृष्णेचं पाणी प्यायलो, तेही आगगाडीने आलेलं. उगाच नाही लातूरकराला वाटत की आपण रेल्वेचे सोयरे आहोत.

अण्णा पहिल्या दिवशी स्टेशनावर गेले होते. लोक फोटो काढत होते. अण्णांनी गाडीला हात जोडले आणि शेजारच्याला विचारलं, "मिरजेपासून इथवर सांडत किती असंल?" त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवण पत्रावळीवर होतं, कारण ताट घासायला पाणी लागतं. तांदळाचं धुवण डाळीला, डाळीचं धुवण भांड्याला, राखेनं घासलेल्या भांड्याचं कढीपत्त्याला. परसातलं सगळं गेलं. पेरू गेला, पारिजातक गेला. उरला तो कडुनिंब, कोरफड आणि तो कढीपत्ता. कढीपत्त्याला त्या साली पडलेली सवय अजून आहे; फोडणीत टाकला की मला अजूनही त्याला राखेचा वास येतो. बायको म्हणते हा माझा भास आहे. असेल. ती तेव्हा लातुरात नवीन होती आणि नांदेडची होती, म्हणजे गंगथडीची. तिला पाण्याचा वास माहीत होता, पाण्याच्या अभावाचा नव्हता.

त्याच वर्षापासून अण्णांची वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. तारीख, नळ आला की नाही, टँकर, किती लिटर, कोणत्या टाकीत. लातुरात लग्न-मुंजीच्या तारखा विसरलेली माणसं आहेत, पण नळ कधी आला होता ते कोणी विसरत नाही.

आता केळ कुठून आली ते सांगतो. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते एकदा नांदेडहून आले ते मांडीवर ओल्या गोणपाटाचं गाठोडं घेऊन. अहमदपूरपर्यंत शेजारच्या प्रवाशाला वाटत होतं की आत लेकरू आहे. गाठोड्यात अर्धापूरचा मुनवा होता. अर्धापूरची केळी आमच्या भागात नावाजलेली. मामांनी न्हाणीमागे खड्डा केला, मुनवा लावला, हात धुतले आणि अण्णांना म्हणाले, "इवाई, हिला फक्त पाणी लागतं. बाकी काही मागत नाही."

लातूरच्या माणसाला हे वाक्य म्हणजे 'मुलीला फक्त सोनं लागतं, बाकी काही नाही' असं ऐकू येतं. पण व्याह्याने आणलेलं झाड. मरू दिलं तर नांदेडपर्यंत बातमी जाणार.

या दोघांचं नातं मुळातच पाण्यावरून ताणलेलं आहे. लग्नाच्या बैठकीतच मामा म्हणाले होते, "तुमची मांजरा शेवटी आमच्याच जिल्ह्यात येऊन गंगेला मिळते." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मांजरा खरोखरच लातूर ओलांडून, कर्नाटक-तेलंगणातून वळसा घेऊन, नांदेड जिल्ह्याच्या कडेला येते आणि पार सीमेवर, कुंडलवाडीच्या अंगाला, गोदावरीत जाते. म्हणजे नांदेड शहराच्या बऱ्याच खाली. पण व्याह्याला भूगोल सांगायचा नसतो. अण्णा एवढंच म्हणाले, "आमची नदी तुमच्याकडं, तुमची पोरगी आमच्याकडं. फिटंफाट."

दर मे महिन्यात नांदेडची मंडळी लातूरला येतात. कशाला, तर थंड हवेला. हसू नका. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि रात्रीही भिंती तव्यासारख्या असतात. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशे मीटरच्या वर. पारा दोन-तीन अंशांनी कमी आणि रात्री गच्चीवर वारं. पुणेकराला महाबळेश्वर, तसं नांदेडकराला लातूर. फरक एवढाच की महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी मिळते आणि आमच्याकडे बोअरचं जड पाणी, ज्यात साबण घासून घासून झिजतो पण फेसाची भानगड नाही.

यंदा आले ते मामा, मामी, पुण्याची मेव्हणी, तिची कॉलेजात जाणारी मुलगी आणि दहावीची परीक्षा दिलेला मुलगा. पाच माणसं. अण्णांनी दारात उभं राहूनच मोजली आणि वळून मायला म्हणाले, "मोगरा यंदा फुलतो बघ."

मामांची आंघोळ हा स्वतंत्र विषय आहे. विष्णुपुरीच्या धरणामुळे नांदेडला पाण्याचा धीर असतो. त्या धिराने ते आंघोळ करतात. पाट, तांब्याचं घंगाळ, आणि प्रत्येक लोट्यागणिक 'हर गंगे'. आम्ही लातूरवाले आंघोळ आटोपतो. मामा आंघोळ करतात. अण्णा त्या वेळी न्हाणीमागे, केळीपाशी, उकिडवे बसून पाइपाकडे बघत असतात. आत लोटा ओतला जातो, 'हर गंगे' ऐकू येतं, दोन श्वासांनंतर पाइपातून पाणी येतं, आणि अण्णा मान हलवतात. पलीकडे कुंपणावर सरडाही मान हलवत असतो. उन्हाळा हा सरड्यांच्या लग्नसराईचा काळ. नराचं डोकं आणि गळा तांबडालाल होतो आणि तो समोरच्यावर छाप पाडायला सारखी मान वरखाली करतो. लग्न झाल्यावरही ही सवय जात नाही, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

मामांचा आकडा अठ्ठावीस लोट्यांच्या खाली कधी गेला नाही. संध्याकाळी पुन्हा एकदा. अण्णा रात्री वहीत लिहिताना आदराने लिहितात.

पहिला खटका उडाला तो मेव्हणीच्या मुलीवरून. तिसऱ्या दिवशी पाइपातून पाण्याच्या आधी फेस आला. जड पाण्यातही फेस होतो असा शाम्पू पुण्यात मिळतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. निळसर, भरघोस, बर्फीच्या तुकड्यासारखा फेस केळीच्या आळ्यात येऊन बसला. अण्णांनी तो काठीने बाजूला सारला आणि न्हाणीच्या दारावर टकटक केली.

"बाई, केळीला केस न्हाईत."

आतून उत्तर आलं नाही. त्या दिवशी अण्णा गंजगोलाईत गेले. गोलाईला मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. अण्णांनी त्यातले बरेचसे पालथे घातले आणि पाव किलो शिकेकाई घेऊन आले. मुलीने ती वास घेऊन बघितली आणि म्हणाली, "आजोबा, हे ऑरगॅनिक आहे का?" अण्णांना वाटलं ती किंमत विचारतेय. "साठ रुपये," ते म्हणाले. मुलीने त्या शिकेकाईचे फोटो काढले आणि पुढचे सगळे दिवस आनंदाने शिकेकाईनेच केस धुतले. पुण्याच्या लोकांचं एक बरं असतं, त्यांना जुनी गोष्ट नवी म्हणून सांगता येते.

पाणी फिरायला लागलं तशी परसात वर्दळ वाढली. मार्चमध्ये केळ व्याली होती. केळफूल खाली लोंबत होतं, रोज एक जांभळं साल उचललं जायचं आणि त्याच्या आतल्या फुलांवर दिवसा शिंजीर यायचे. अंगठ्याएवढा पक्षी, उन्हात चकाकणारा, लटकून मध पिणारा. संध्याकाळ झाली की तेच दुकान वटवाघळं चालवायची. खार दोन्ही पाळ्यांत कामाला. माय आणि मामींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या राखायला आमच्या पोरांना छत्री देऊन बसवलं होतं. पोरं मोबाइलमध्ये, खार कुरडयांमध्ये. संध्याकाळी मामींनी मोजल्या तर दोन ओळी गायब. मामी म्हणाल्या, "खारीनं गव्हाचा चीक खाल्ला तर पुण्य लागतं." माय म्हणाली, "पोरांनी कच्च्याच खाल्ल्या तर?" त्यावर दोघी बराच वेळ गप्प होत्या, कारण दोघींनी लहानपणी तेच केलं होतं.

पण परसाचे खरे मालक म्हणजे सातभाई. नाव सातभाई, असतात कधी सहा, कधी नऊ. आमचे आठ आहेत. रंग धुरकट मातीचा, पिसं कायम विस्कटलेली, डोळे फिकट, बघणं रागीट. नुकतंच झोपेतून उठून भांडायला आलेलं एकत्र कुटुंब जसं दिसेल तसे. इंग्रजीत यांनाच सात बहिणी म्हणतात. आपण भाऊ केलं. दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या घरातला गलका कोणाचा ते ठाऊक असणार.

ते सगळे मिळून आंघोळीला येतात. केळीच्या आळ्यात पाणी साचलं की एक जण लिंबाच्या शेंड्यावर पहाऱ्याला बसतो आणि बाकीचे खाली उतरून पंख झाडतात. मग ओळीने फांदीवर बसून एकमेकांच्या मानेतली पिसं साफ करतात. एकाने ओरडायला सुरुवात केली की सगळे ओरडतात, आणि कशावरून हे नंतर कोणालाच सांगता येत नसावं. आमच्या ओट्यावर त्याच वेळी मामी, माय, मेव्हणी आणि माझी बायको कैरीच्या फोडी करत बसलेल्या असतात. मी मधल्या खोलीत डोळे मिटून पडलो की कोणता आवाज ओट्यावरचा आणि कोणता लिंबावरचा, हे ओळखायचा प्रयत्न करतो. दोन वेळा चुकलो. हे बायकोला सांगितलं तेव्हा तिसरी चूक झाली.

सातभाईंचं एक मात्र मानलं पाहिजे. पिल्लं कोणाचीही असोत, भरवतात सगळे. काका, आत्या, मोठी भावंडं, जो तो चोचीत किडा घेऊन धावतो. या चांगुलपणाचा फायदा पावशा घेतो. तोच तो, मृगाच्या तोंडावर 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला कामाला लावणारा. स्वतः मात्र घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते. यांचीही अंडी निळी, तिचंही निळं. भरल्या घरात एक जास्तीचं कोण मोजतो? गेल्या पावसाळ्यात आमच्या लिंबात हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला. पावशाचं धष्टपुष्ट पिल्लू फांदीवर तोंड वासून बसलेलं आणि आठही जण अळ्या आणून आणून दमलेले.

यंदा मेव्हणीचा मुलगा जेवायला बसला तेव्हा मला ते दृश्य आठवलं. दहावी दिलेला, सहा फुटांकडे निघालेला, मांडी घालून बसलेला. एकीकडून माय पुरी वाढतेय, दुसरीकडून मामी आमरस ओततायत, मावशी, म्हणजे माझी बायको, तुपाचं भांडं घेऊन उभी, आणि मेव्हणी म्हणतेय, "त्याला भूकच लागत नाही हो." सहावी वाटी संपली तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "पावशा."

अण्णांचा राग आमरसावर नव्हता. आढीत आंबे भरपूर होते. राग असा होता की पोरगं आंघोळच करत नव्हतं. सुट्टी आहे, बाहेर जायचं नाही, घाम तर लगेच परत येतो, मग आंघोळ कशाला, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद. पुण्यात चोवीस तास नळ समोर ठेवून वाढलेल्या पोराचे हे विचार. चार दिवस त्याच्या नावापुढे वहीत टिंब पडलं. मामी म्हणाल्या पोराला कंटाळा आहे, मेव्हणी म्हणाली त्याचं वय आहे, अण्णा म्हणाले, "त्याच्या वाटंची बादली लिंबाची होती."

आणि मग बेडकाचं प्रकरण झालं.

उन्हाळ्यात परसातला झाडबेडूक ओलाव्याच्या शोधात घरात येतो. पिवळसर, लांब पायांचा, बोटांना चिकट गाद्या असलेला. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर, नळाच्या बुडाशी पाय पोटाखाली दुमडून जैन मुनीसारखा बसतो आणि दिवसभर हलत नाही. आमच्या न्हाणीत तो दरसाल येतो. आम्ही त्याला काही म्हणत नाही, तो आम्हाला काही म्हणत नाही. नांदेडकर आल्यानंतरच्या सहाव्या दिवशी, संध्याकाळी, मेव्हणीने अंगावर पहिला तांब्या ओतला आणि बेडकाने, बहुधा शिंतोडा बसल्यामुळे, भिंतीवरून सरळ तिच्या खांद्यावर उडी घेतली.

त्या किंचाळीने लिंबावरचे सातभाई गप्प झाले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर न्हाणीत जायला कोणीही तयार होईना. मामी म्हणाल्या, "त्याला काढा, मग बघू." माय म्हणाली, "काढायचा न्हाई. बेडकुळी घरात आली की पाऊस लवकर येतो." अण्णा दोघींच्या मध्ये उभे. एकीकडे पावसाचा शकुन, दुसरीकडे पाच माणसांच्या आंघोळी. त्यांनी आयुष्यात इतका अवघड निर्णय घेतलेला मला आठवत नाही. शेवटी त्यांनी माझ्या हातात कुरडयांचं चाळण दिलं आणि म्हणाले, "जा. पर मारू नको."

मी आत गेलो. बेडूक आरशाच्या वर बसला होता. मी चाळण टाकलं, तो बादलीवर. बादलीवर टाकलं, तो दारावर. दार उघडून बघायला मेव्हणीचा मुलगा डोकावला, तर त्याच्या डोक्यावर. पोराने जी धाव घेतली ती थेट परसात, केळीच्या आळ्यात, आणि आळ्यात घोटाभर चिखल. दोन मिनिटांनी तो उठला तेव्हा चष्म्याखेरीज त्याचं काही ओळखू येत नव्हतं. बेडूक मधल्या मध्ये उतरून कूलरच्या टाकीत गेला होता. त्या रात्री कूलरमधून पाण्याच्या आवाजाबरोबर आणखीही एक आवाज येत राहिला आणि माय म्हणाली, "बघा, म्हणलं नव्हतं?"

पोराला आंघोळ घालावीच लागली. अण्णा स्वतः बादली घेऊन उभे राहिले. एक, दोन, तीन बादल्या. एवढ्या समाधानाने त्यांनी कोणाला पाणी ओतलेलं मी पाहिलं नाही. मामांनी मात्र न्हाणीत जायचं साफ नाकारलं. कूलरचा बेडूक परत येणार नाही याची हमी कोण देणार? त्यांनी परसातच केळीखाली पाट मांडला, घंगाळ घेतलं आणि उघड्यावर, सातभाईंच्या देखत, अठ्ठावीस लोटे अंगावर घेतले. प्रत्येक 'हर गंगे'ला लिंबावरून उत्तर येत होतं.

अकरा दिवसांनी मंडळी गेली. गाडीत बसताना मामी म्हणाल्या, "तुमच्या अण्णांसारखा आंघोळीचा आग्रह करणारा माणूस आम्ही पाहिला नाही." अण्णा बसस्टँडवरून परत आले, न्हाणीमागे गेले, पाइपाकडे थोडा वेळ बघत उभे राहिले आणि दुपारी तीनला स्वतः आंघोळ केली. त्या दिवसातली दुसरी. २०१६ नंतर अण्णांना मी दोनदा आंघोळ करताना कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गल्लीतल्या एका लांबच्या नातेवाइकाला त्यांनी सहज म्हणून जेवायला बोलावलं. तो आला, जेवला, आणि त्याला काही कळायच्या आत त्याच्या हातात टॉवेल होता.

घड उतरवला तो आषाढाच्या तोंडावर. आठ फण्या. वरची एक वटवाघळांनी आणि खारीने मिळून संपवलेली, बाकी सात शाबूत. आम्हाला वाटलं, देवापुढे ठेवून वाटून टाकू. अण्णांनी वही आणली.

मग ओट्यावर चष्मा लावून त्यांनी वाटप केलं. मामा, आंघोळी एकवीस, दोन फण्या. मामी, अकरा, एक फणी. मेव्हणी, दहा, एक फणी उणे दोन केळी. बेडकाच्या दिवशीची आंघोळ एका तांब्यात संपली होती. तिची मुलगी, शाम्पूचा दिवस वजा जाता, पाऊण फणी. आम्ही घरचे अर्ध्या बादलीवाले, त्या हिशेबाने. मेव्हणीच्या मुलाला, आंघोळी तीन, त्याही चिखलाच्या, अर्धा डझनच्या आत काहीतरी निघत होतं. अण्णांनी बराच विचार करून एक केळं जास्त टाकलं. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी लावली आणि नांदेडची पुडकी नांदेडच्या गाडीत ओळखीच्या माणसाबरोबर दिली. अर्धापूरच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना लातूरहून केळी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. केळी गोड आहेत म्हणाले, सालाला जरा शिकेकाईचा वास येतो म्हणाले, आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "इवाई, तुमच्या चिठ्ठीत एकवीस लिहिलंय. माझ्या बावीस झाल्या. बेडकाच्या दिवशी संध्याकाळची धरली न्हाई तुम्ही."

"ती पाइपातून आली न्हाई," अण्णा म्हणाले.

"पाइपातून न्हाई आली म्हणून काय झालं? सरळ केळीच्या बुडातच तर पडली की. मधी गळती नाही, काही नाही."

अण्णांनी फोन मांडीवर ठेवला, वही उघडली, त्या तारखेवर बोट ठेवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी एकवीसवर रेघ मारली, वर बावीस लिहिलं आणि फोन कानाला लावून म्हणाले, "दोन केळी उद्याच्या गाडीनं पाठवायलोय."